हाताला काम आहे, पण महिनाअखेर डबे रिकामे: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

तातडीच्या अन्नमदतीविषयी वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. आलेली बहुतेक पत्रे अशा घरांतून आली आहेत, जिथे निदान एक माणूस रोज कामावर जातो आणि तरीही महिन्याचा शेवटचा आठवडा निभावत नाही. मदत करणाऱ्या मंडळांच्या कार्यकर्त्यांनीही लिहिले आहे. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे व गावे वगळली आहेत.

प्रश्न : माझे पती एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहेत आणि मी दोन कार्यालयांत साफसफाईचे काम करते. घरात दोन मुले आहेत. धाकट्याच्या आजारपणात माझे आठ खाडे झाले, त्या महिन्याचा पगार कापला गेला, आणि तेव्हापासून विस्कटलेली घडी बसलेलीच नाही. पगार झाला की भाडे आणि मागची उधारी यांतच तो संपतो. शेजारीण म्हणते की शिधा देणाऱ्या संस्थेकडे जा. परंतु हातपाय धड असताना आणि कामावर जात असताना मदत मागणे म्हणजे खऱ्या उपाशी माणसाच्या ताटातले काढून घेणे नव्हे काय?

आपण जा, आणि उधारी आणखी वाढण्याआधी जा. आपल्या मनात जो संकोच आहे त्याच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे, ती अशी की काम करणारा माणूस उपाशी राहत नाही आणि उपाशी राहणारा काम करत नसला पाहिजे. या समजुतीला मोजमापाने पहिला मोठा धक्का बसला त्याला आता सुमारे सव्वाशे वर्षे झाली. सीबोम राउंट्री या इंग्रज समाजसंशोधकांनी १८९९ मध्ये इंग्लंडमधील यॉर्क शहरातील कामगारवस्तीची घरोघर पाहणी केली. ज्यांची मिळकत केवळ शरीर टिकवण्यासही पुरत नव्हती अशा लोकांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या बाबतीत कारण एकच निघाले: घरातील कमावता माणूस नियमित कामावर होता, परंतु त्याची मजुरी अपुरी होती. त्याच पाहणीतून हेही दिसले की मजुराच्या आयुष्यात हलाखीचे काही ठरावीक टप्पे येतात आणि पदरी लहान मुले असण्याचा काळ हा त्यांतील एक असतो. आपले घर आज नेमक्या त्याच टप्प्यावर उभे आहे. यात आपल्या कष्टांत कुठे उणीव राहिली असे मानण्यास काहीही आधार नाही.

संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील पंचविसावे कलमही आपल्या बाजूचे आहे. अन्न, वस्त्र, निवारा आणि वैद्यकीय सेवा यांसह पुरेशा राहणीमानाचा हक्क त्यात सांगितला आहे, आणि आजारपण किंवा आवाक्याबाहेरच्या कारणाने उपजीविका तुटल्यास मिळणाऱ्या संरक्षणाचाही त्यात समावेश आहे. काही देशांनी अन्नाचा हक्क कायद्यातच लिहिला आहे. भारतातील २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटातील, म्हणजे सरकारने गरजू म्हणून नोंदवलेल्या, कुटुंबाला प्रतिव्यक्ती दरमहा ५ किलो धान्य मिळते, आणि ते पुरवता आले नाही तर त्याबदल्यात भत्ता देण्याची तरतूदही आहे. असा हक्क जिथे असेल तिथे तो आधी मागावा, कारण तो दर महिन्याला मिळतो. संस्थेचा शिधा हा त्या हक्काची कागदपत्रे होईपर्यंतचा किंवा तो अपुरा पडेल तेव्हाचा आधार असतो.

संस्थेत जाताना चार गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: घरात किती माणसे आहेत, मुलांची वये काय आहेत, पुढचा पगार कोणत्या तारखेला होणार आहे, आणि घरात शिजवण्यासाठी इंधन आहे की नाही. यातील तारीख सर्वांत महत्त्वाची आहे. “आम्हांला मदत हवी आहे” असे सांगणाऱ्या कुटुंबासाठी नेमके काय करावे हे कार्यकर्त्याला चटकन सुचत नाही. “पगाराला नऊ दिवस आहेत, घरात चार दिवसांचे धान्य आहे” असे सांगितले की पाच दिवसांची तजवीज करायची आहे हे त्याला लगेच कळते. पाच दिवसांची मदत कोणत्याही संस्थेला झेपते. तीन महिन्यांच्या थकबाकीने पिचलेल्या घराला सावरणे मात्र फार थोड्यांना जमते, आणि म्हणूनच मी आपल्याला लवकर जाण्यास सांगत आहे.

प्रश्न : आम्ही दहा-बारा जण मिळून गरजू कुटुंबांना शिधा देतो. वाटप सकाळी दहा ते बारा या वेळात असते आणि उत्पन्नाचा दाखला पाहूनच नाव नोंदवले जाते. हातावर पोट असणाऱ्या कुटुंबांसाठी हे काम सुरू केले, पण नेमकी तीच कुटुंबे येत नाहीत. आमचे कुठे चुकते? शिधा किती असावा, याविषयीही मार्गदर्शन करावे.

आपल्या पत्रातच उत्तर आले आहे. सकाळी दहा ते बारा ही मजुरीची वेळ आहे. त्या वेळी रांगेत उभे राहणाऱ्याचा खाडा होतो, आणि आठवड्याच्या धान्यासाठी दिवसाची मजुरी सोडणे कोणालाच परवडत नाही. मी स्वतः अनेक वर्षे शिधावाटपाच्या कामात आहे. आमचेही वाटप प्रारंभी सकाळीच असे, कारण आम्हा कार्यकर्त्यांना ती वेळ सोयीची होती. ते संध्याकाळी सातनंतर आणि सुटीच्या दिवशी ठेवू लागल्यावर कामाच्या कपड्यांतच थेट येणारी माणसे दिसू लागली. आधी ती गरजू नव्हती असे थोडेच आहे! आम्ही दार चुकीच्या वेळी उघडत होतो, आणि याची खंत मला आजही आहे.

उत्पन्नाच्या दाखल्याचेही तसेच आहे. दाखला काढण्यास खेपा घालाव्या लागतात, आणि प्रत्येक खेप म्हणजे आणखी एक खाडा. शिवाय दाखल्यावर वर्षाचे उत्पन्न असते, तर घरावर आलेला प्रसंग या महिन्याचा असतो. रोजंदारीवरील माणसाची मिळकत महिन्यामहिन्याला वरखाली होत असल्यामुळे वर्षाच्या सरासरीत बसणारे घरसुद्धा एखाद्या महिन्यात पूर्णपणे रिकामे असू शकते. माझी सूचना अशी आहे की पहिल्या वेळी केवळ शब्दावर विश्वास ठेवून शिधा द्यावा, दुसऱ्या वेळी निवांत बसून घरची परिस्थिती समजून घ्यावी, आणि मदत लांबणार असे दिसले तरच कागदपत्रांचा विषय काढावा. एखादा अपात्र माणूस दोनदा शिधा घेऊन जाईल हे मला मान्य आहे. त्या भीतीने दहा पात्र घरे दारातून परत पाठवणे हे त्याहून कितीतरी मोठे नुकसान आहे.

उत्पन्नाची एकच मर्यादा ठरवून तिच्या वरच्या सर्वांना नकार देण्याची पद्धतही सोडावी. अशी मर्यादा असली की जादा पाळी करून थोडे अधिक कमावणारे कुटुंब मदतीला मुकते आणि वाढलेल्या कमाईपेक्षा गमावलेली मदत मोठी ठरते. अनेक देशांतील सरकारी योजनांनाही हे दुखणे जडलेले आहे. त्यावरचा उपाय कमाई वाढेल तसतशी मदत टप्प्याटप्प्याने कमी करत जाण्याचा आहे, आणि तो आपल्या छोट्या गटालाही करता येईल: पूर्ण शिधा, मग अर्धा, मग केवळ डाळ व तेल.

आता प्रमाणाविषयी. आपत्तिकाळातील मदतीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या स्फिअर मानकांत माणशी दिवसाला २,१०० किलोकॅलरी हा आकडा नियोजनासाठी धरला जातो. चार माणसांच्या घराला सात दिवसांसाठी सुमारे ५८,८०० किलोकॅलरी लागतात. एक किलो धान्यातून साधारण ३,४०० ते ३,५०० किलोकॅलरी मिळतात, डाळींतूनही जवळपास तितक्याच, आणि एक लिटर तेलातून ८,००० च्या थोड्या वर. म्हणजे १२ किलो धान्य, ३ किलो डाळ आणि १ लिटर तेल इतका शिधा चौघांच्या एका आठवड्याला उष्मांकाच्या दृष्टीने पुरतो. आपण दिलेली पिशवी ५ किलोची असेल, तर ती आठवड्याची आहे असे आपण समजतो, पण त्या घरात ती तिसऱ्या दिवशी संपते. पिशवी लहानच देणे शक्य असेल तर ती किती दिवसांची आहे हे सांगावे, म्हणजे घरातील बाईला पुढचा हिशोब करता येईल.

उष्मांक भरले म्हणजे आहार पूर्ण झाला असे मात्र नाही. भाज्या, फळे आणि दूध यांची उणीव कोरड्या शिध्याने भरून निघत नाही, आणि शक्य असल्यास त्यासाठी थोडी रोख रक्कम सोबत द्यावी. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक लागतात. टंचाईच्या घरात ताटातले सर्वांत आधी कमी करणारी तीच असते आणि विचारल्याशिवाय ती हे सांगत नाही. म्हणून विचारावे. तान्ह्या बाळांसाठी दुधाच्या भुकटीचे डबे सरसकट वाटू नयेत. शुद्ध पाणी आणि स्वच्छ बाटली यांची खात्री नसलेल्या घरात ती भुकटी बाळाला आजारी पाडू शकते, आणि एकदा अंगावरचे दूध आटले की ते परत आणणे कठीण जाते. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या प्रचारावर मर्यादा घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता जागतिक आरोग्य सभेने १९८१ मध्येच स्वीकारली आहे आणि फुकट वाटपावरही तिची नजर आहे. बाळाला भुकटीची गरज खरोखरच असेल तर ती डॉक्टर किंवा आरोग्यसेविकेच्या सल्ल्याने त्या एका घरापुरती द्यावी.

प्रश्न : आमच्या मंडळात वाद आहे. काही सभासद म्हणतात की धान्यच द्यावे, रोख पैसे दिले तर ते भलतीकडे जातील. काहींना रोखच योग्य वाटते. आपले मत काय?

माझे मत रोखीकडे झुकते, पण ते बिनशर्त नाही. अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाचा अभ्यास करून जे दाखवले ते येथे उपयोगी पडते: लोक उपाशी मरतात ते दर वेळी अन्नच नसते म्हणून नव्हे, अनेकदा अन्न विकत घेण्याची त्यांची ताकदच संपलेली असते. त्या दुष्काळात सर्वाधिक होरपळले ते शेतमजूर आणि त्यांच्यासारखे मजुरीवर जगणारे लोक, कारण भाव चढले आणि मजुरी तशीच राहिली. बाजारात माल आहे आणि भाव स्थिर आहेत अशा वेळी रोख रक्कम सर्वांत लवकर पोहोचते, तिचे ओझे नसते, आणि ती घेताना कोणाला पिशवी उचलून गल्लीतून जावे लागत नाही. माल मिळेनासा झाला असेल किंवा भाव दिवसागणिक चढत असतील, तर धान्यच द्यावे, कारण हातातल्या पैशाची किंमत घरी पोहोचेपर्यंत घटलेली असते.

पैसे भलतीकडे जातील, या शंकेवर एवढेच सांगतो की मोठ्या सरकारी योजनांनी यावर आपला मार्ग काढला आहे. मेक्सिकोने १९९७ मध्ये सुरू केलेल्या योजनेत रक्कम मुलांच्या आईच्या हाती दिली जात असे, आणि ब्राझीलच्या २००३ मधील बोल्सा फामिलिया योजनेनेही प्राधान्याने घरातील बाईचेच नाव नोंदवले. भारताच्या अन्नसुरक्षा कायद्यातही शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख म्हणून घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत मोठ्या स्त्रीचे नाव धरले जाते. आपणही तसे करावे.

रोखीच्या बाजूने आणखी एक कारण आहे, ज्याचा विचार मंडळे सहसा करत नाहीत. साबण, लंगोट, सॅनिटरी पॅड, औषधे, विजेचे देयक यांपैकी काहीही धान्याच्या पिशवीतून निघत नाही. अमेरिकेतील सरकारी अन्नसाहाय्याच्या कार्डावर आजही साबण किंवा पॅड विकत घेता येत नाहीत, आणि त्यामुळे अन्न मिळूनही घरे इतर बाबतीत अडून राहतात. मासिक पाळीच्या वस्तू गरज असणाऱ्या प्रत्येकीला मोफत मिळाव्यात, असा कायदा स्कॉटलंडच्या संसदेने नोव्हेंबर २०२० मध्ये संमत केला. आपल्या मंडळाला रोख देणे जमतच नसेल तर निदान शिध्यासोबत साबण आणि पॅड यांचे एक पुडके ठेवावे. ते कोणी तोंडाने मागणार नाही, परंतु प्रत्येक घरात त्याची गरज असते.

प्रश्न : समारंभातील उरलेले शिजवलेले अन्न वस्तीत नेऊन द्यावे का?

द्यावे, पण घड्याळ पाहून. शिजवलेले अन्न सामान्य तापमानाला दोन तासांपेक्षा अधिक काळ ठेवू नये, गरम ठेवायचे तर ते ६० अंश सेल्सिअसच्या वर असावे आणि थंड ठेवायचे तर ५ अंशांच्या खाली, असे जागतिक आरोग्य संघटनेचे साधे नियम आहेत. हे पाळता येत नसेल तर ते अन्न देऊ नये. हातावर पोट असणाऱ्या माणसाला पोट बिघडून दोन दिवस घरी बसावे लागले, तर आपण दिलेल्या एका जेवणाची किंमत त्याला दोन दिवसांच्या मजुरीने मोजावी लागते. त्यापेक्षा न शिजवलेला, बंद पाकिटातील उरलेला माल गोळा करणे अधिक उपयोगाचे ठरते. अमेरिकेतील फीनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ मध्ये जगातील पहिली अन्नपेढी, म्हणजे उरलेला माल गोळा करून गरजूंपर्यंत पोहोचवणारी संस्था, उभी केली ती अशाच मालावर, आणि फ्रान्सने तर २०१६ च्या कायद्याने ४०० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना खाण्याजोगा माल नष्ट करण्यास मनाई करून संस्थांशी करार करणे भाग पाडले.

प्रश्न : आम्ही दोन महिन्यांपासून एका संस्थेकडून शिधा घेतो. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. ती आता शाळेत मोफत मिळणारे जेवण घेत नाही आणि भूक नाही असे सांगते. तिच्याशी काय बोलावे? शिवाय भाडे, वीज आणि तीन जणांचे हातउसने एकाच वेळी थकले आहेत. कोणाचे आधी द्यावे हे सुचत नाही.

मुलीशी खरे बोलावे. अकरा वर्षांच्या मुलीला घरातील ओढाताण कळत नाही असे समजणे ही मोठ्यांची चूक आहे. तिला ती कळते, फक्त ती किती दिवसांची आहे हे कळत नाही, आणि म्हणून ती आपल्या परीने घरखर्च वाचवू पाहते. “बाबांचे काम कमी झाले आहे, तोपर्यंत आपण मदत घेत आहोत, आणि तुझ्या जेवणात कपात करण्याची वेळ आलेली नाही,” असे स्पष्ट शब्दांत सांगावे. शाळेतील जेवण केवळ गरिबांच्या मुलांपुरते असेल आणि त्यासाठी वेगळी रांग असेल, तर तिच्या नकाराचे कारण तिथे आहे. शिक्षकांना एकांतात भेटून ती रांग बंद करण्याची विनंती करावी. फिनलंडमध्ये १९४८ पासून शाळेतील प्रत्येक मुलाला मोफत जेवण मिळते, आणि भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला शिजवलेले जेवण देण्यास सांगितले. सर्वच मुले एका पंगतीला बसली की कोणाच्या घरी काय परिस्थिती आहे हे ताटावरून ओळखता येत नाही.

थकबाकीविषयी सांगायचे तर तगादा ज्याचा मोठा त्याला आधी पैसे देण्याकडे आपला कल असतो, आणि त्यातच घर अधिक खोलात जाते. ज्याचे न दिल्याने डोक्यावरचे छप्पर, चूल, चालू असलेले औषध किंवा कामावर जाण्याचे साधन जाईल, ते आधी द्यावे. म्हणजे भाडे आणि वीज पहिली. त्यानंतर चढे व्याज असलेले कर्ज, आणि बिनव्याजी हातउसने सर्वांत शेवटी, मात्र त्या तिघांना आजच भेटून नवी तारीख सांगावी. जुने फेडण्यासाठी नवे कर्ज काढू नये आणि बँकेचे किंवा मदतीचे कार्ड कोणाकडेही तारण ठेवू नये. घरमालकाकडे भाड्याची तारीख उलटण्याआधी जावे, जवळ असेल तितकी रक्कम द्यावी, तिची पावती घ्यावी आणि उरलेली कोणत्या पगाराला देणार ते लिहून द्यावे. शिधा देणाऱ्या संस्थेलाही हे सर्व सांगावे, कारण पुढचे दोन महिने त्यांनी धान्याचा भार उचलला तर वाचलेली रक्कम थेट भाड्याकडे वळवता येईल.